बिनझाकणाचा डबा

शनिवारची रात्र, साडेनऊ वाजून गेले होते. आंजीच्या शिवारात नत्थूजींच्या वाडीतल्या खोपडीत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचं काम चाललं होतं. पहाटे चारला गाडी वर्ध्याच्या बाजाराला निघणार, त्याआधी सगळा माल ओल्या बारदानाखाली गेला पाहिजे, म्हणून नातू स्वप्निल आणि नात उज्वला दोघंही हाताखाली बसले होते. कॉलेजातली पोरं. हात सांबारात, डोळे मोबाईलकडे.

स्वप्निल पाणी प्यायला उठला. कोपऱ्यातल्या माठावरचं स्टीलचं झाकण काढून पाणी प्यायला आणि ते परत ठेवायला गेला, तर नेहमीसारखं डुगडुगलं. झाकणाच्या कडेला तीन खोल खळगे होते, दोन एका बाजूला, एक समोरच्या बाजूला. त्यामुळे ते कधी नीट बसतच नसे. "फेकून द्या न आता हे, आबाजी," म्हणत त्याने झाकण उताणं करून जमिनीवर ठेवलं आणि खिशातल्या पुडीतला चिवडा त्यात ओतला.

नत्थूजींचा हात थांबला.

"ते पालथं ठेव."

"काऊन? मस्त ताटली झाली न."

"ताटली झाली म्हणूनच म्हणून राह्यलो."

उज्वला हसली. रात्री झाडू मारायचा नाही, दिवेलागणीला मीठ द्यायचं नाही, आणि आता झाकण उताणं ठेवायचं नाही. आबाजींच्या कायद्यात एक कलम वाढलं, असं काहीतरी ती बोलली. एरवी नत्थूजीही हसले असते. त्या रात्री हसले नाहीत. जुडीला दोऱ्याचा फेरा मारून त्यांनी ती बाजूला ठेवली.

"छायाले ओळखता न? रानशाळेतली. तिच्यासंग झालं हे. याच जागी बसून तिनं मले सांगितलं, अन् सांगता सांगता दोनदा उठून बाहेर पाहून आली."

आणि हात पुन्हा सांबारात घालून ते सांगू लागले.

आंजीपासून दोन-अडीच किलोमीटरवर, डांबरी रस्ता सोडून उजव्या हाताला रानशाळा आहे. सरकारी प्राणिसंग्रहालय नव्हे. सुलोचनाबाई म्हणून शाळेत विज्ञान शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर त्यांनी चार लोकांची संस्था काढली आणि वडिलांच्या सहा एकरांत हे सुरू केलं. गाडीने उडवलेली, तारेत अडकलेली, विहिरीतून काढलेली जनावरं वनखातं तिथे आणून सोडतं. नफा-बिफा काही नाही. शाळांच्या सहली येतात, पोरं बघतात, शिकून जातात. पाट्या पोरांच्याच हातच्या. नागाच्या पेटीवर लिहिलंय, 'मी दूध पीत नाही, मला उगीच त्रास देऊ नका.' एका पंखाच्या घुबडाचं नाव मास्तर, कारण त्याच्यासमोर सहावी-सातवीतले पोट्टेसुद्धा गप्प बसतात. नत्थूजी दर दोन दिवसांनी उरलेली गाजरं, भोपळे, कोबीचा पाला तिथे नेऊन टाकत, म्हणून त्यांना तिथली खडान्‌खडा माहिती.

रानशाळेचे दोन भाग. पुढचं आवार आणि मागचं आवार. पुढच्या आवारात जन्मभर तिथेच राहणारी जनावरं. त्यांना नावं असतात, पोरं त्यांना हाका मारतात. मागच्या आवारात बरी होऊन पुन्हा जंगलात जाणारी. तिकडे सहल जात नाही. तिकडे जनावराला नाव नाही, नुसता आकडा. आणि तिकडे बोलायचं नाही. एक अक्षर नाही. खाणं द्यायचं तेही अंगावर बारदान पांघरून, जाळीबाहेरून आत गेलेल्या मोठ्या नळातून ढकलायचं, म्हणजे खाणं माणसाच्या हातून येतं हे जनावराला कळू नये. वर आठवड्यातून दोनदा, माणूस जाळीजवळ उभा राहून पत्र्याचा डबा जोरजोरात बडवणार. माणूस दिसला की पळायचं, एवढंच शिकवायचं. ज्याने आठ महिने पोसलं त्यानेच भीती घालायची.

मागचं आवार कैलासकडे होतं. आष्टीकडचा माणूस, पन्नाशीचा, एकटा, तिथेच खोलीत राहायचा. पाच वर्षांपूर्वी तडसाचं एक मादी पिल्लू आलं. आई रस्त्यावर मेलेली, पिल्लाचा वरचा एक सुळा मुळापासून तुटलेला. आकडा पडला तीन. नियम सगळे कैलासनेच घालून घेतलेले, आणि ते त्यानेच मोडले. रात्री आपला जेवणाचा डबा उघडायचा, झाकण उताणं करून नळाच्या तोंडाशी ठेवायचा, त्यावर अर्धी पोळी, वर रस्सा. आणि घरी आई पोरीला बोलावते तशी हाक मारायचा.

"ये वो माय, जेवून घे."

बस, एवढंच. दिवसातून एकदा. कोणाला कळलं नाही.

तिला आष्टीकडच्या डोंगरात सोडलं. अकराव्या दिवशी तिन्हीसांजेला तिकडच्या एका गावात एक बाई दारात उभी राहून तिच्या लेकीला हाक मारत होती. रोजच्यासारखीच. तडस अंगणात येऊन बसलं. मान खाली घालून, जेवायला बसल्यासारखं. गावाने काठ्या आणल्या. ती पळाली नाही, असं तिथले लोक सांगतात. शेवटपर्यंत पळाली नाही.

वनखात्याने नियमाप्रमाणे तिथेच लाकडं रचून तिला जाळलं. कैलास गेला होता, सुलोचनाबाई होत्या, गाडी चालवायला नत्थूजी होते. कैलासने पिशवीतून डब्याचं झाकण काढलं आणि सगळ्यांदेखत आगीत ठेवलं. झाकणावर त्याचं नाव कोरलेलं होतं. बाईंनी विचारलं, हे काय? तेव्हा तो सगळं बोलला. तेच त्याचं शेवटचं मोठं बोलणं. त्या दिवसानंतर रानशाळेच्या फाटकाच्या आत त्याने तोंड उघडलं नाही. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बोलायचा, आंजीच्या बाजारात भाव करायचा; फाटकातून आत पाऊल टाकलं की मुका. काही बरोबर झालं की दोन बोटांनी पत्र्यावर टकटक करायचा. दोनदा. चुकलं तर काहीच नाही. आणि डब्याला झाकण कधी आणलं नाही. चार वर्षं फडकं बांधून जेवला.

इथे स्वप्निलने चिवड्याचा घास घेतला आणि चावायचं थांबवलं. नत्थूजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग छाया आली. वर्ध्याला बीएस्सी केलेली, आंजीचीच पोर, सहलीच्या पोरांना माहिती सांगायच्या कामावर. दिवसभर बोलायचं काम, आणि स्वभाव असा की दूध उतू गेलं तरी किंचाळणार. एसटीचा हॉर्न वाजला की दचकणार. स्वतःचाच फोन खिशात थरथरला की "आई गं". सगळे तिची मस्करी करायचे. पुढे तडसाचं दुसरं पिल्लू आलं, तेही मादीच, आकडा पडला सात, आणि कैलासने हाताखाली कोणाला घेतलं तर छायाला. बाई म्हणाल्या, अरे, हिच्या एका किंकाळीत तुझी वर्षभराची मेहनत जाईल. कैलासने छायाच्या ओढणीचं टोक उचललं आणि तिच्या हातात दिलं. मग स्वतःच्या गमछ्याचं टोक दातात धरून दाखवलं. दचकलीस की हे चाव.

आठ महिने छाया ओढणी चावून शिकली. तिच्या सगळ्या ओढण्यांना एका टोकाला भोकं आहेत, अजूनही.

पौषात कैलासला ताप आला. तीन दिवसांत खेळ संपला. दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा तो खाटेवर बसला होता. पत्र्याचा डबा आणि काठी छायाच्या मांडीवर ठेवली, डब्यावर दोन बोटांनी टकटक केलं आणि गेला. त्याचा जेवणाचा डबा खोलीतल्या खुंटीवर तसाच लटकत राहिला, फडकं बांधलेला.

आता सगळं त्या सात नंबरच्या तडसाच्या परीक्षेवर होतं. वनखात्याचे साहेब येणार, वेगवेगळ्या माणसांनी हाका मारायच्या, मांस दाखवायचं, बोलवायचं. जवळ आली तर तिची रवानगी जन्मभरासाठी पिंजऱ्यात. माणसाच्या हाकेला येणारं तडस जंगलात सोडलं तर काय होतं ते एकदा झालं होतं. परीक्षा ठरली बुधवारी, सकाळी नऊला.

गोष्ट मंगळवारच्या रात्रीची. महाशिवरात्र होऊन दोनच दिवस झाले होते, माघातली अमावस्या. संध्याकाळी सात वाजता सुलोचनाबाईंचा छायाला फोन आला. मागच्या आवारातल्या, बिळावर रोखलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी संपलीय, साहेब आठवडाभराचे फोटो मागतील, तेवढी बदलून ये. अर्ध्या तासाचं काम. छाया स्कूटीवर निघाली. जाताना नत्थूजींच्या वाडीपाशी थांबली, गाजराची पिशवी घेतली. थंडी होती, कानाला रुमाल. नत्थूजींनी विचारलं, एकटी? तर म्हणाली, आठला परत येते काका.

आठला बाईंचा दुसरा फोन. रात्रीचा चौकीदार महादेवाच्या यात्रेहून अजून आलेला नाही, गाडी बिघडलीय, दहापर्यंत पोचतो म्हणतोय. तोवर थांबशील का? परीक्षेच्या आदल्या रात्री आवार मोकळं नको. छाया हो म्हणाली. नाही म्हणायला तिला लाज वाटली.

बॅटरी बदलून झाली होती; घरी आईला कळवलं. माहिती केंद्रात दिवा लावून बसली. थर्मासातला चहा संपला. दहा वाजले. चौकीदार आला नाही, फोन लागेना. दहा पंचवीसला लाईन गेली.

छायाने ओढणीचं टोक दातात धरलं आणि दिवा जाण्याच्या दचक्यातून बाहेर आली. मोबाईलवर चार्जिंग अकरा टक्के. पुढच्या आवारात मास्तर एकदा घुमला. गप्प झाला. रस्त्यावर गाडी नाही. कापूस वेचून झालेल्या वावरात पऱ्हाट्या नुसत्या उभ्या, वारा नाही, तरी कुठेतरी एक पऱ्हाटी मोडल्याचा आवाज झाला. रानडुक्कर असेल. ससा असेल. तिने स्वतःला चार जनावरांची नावं सांगितली, पोरांना सांगते तशी.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तिला बोलणं ऐकू आलं.

आधी वाटलं वावरातून कोणी जातंय. मग कळलं, आवाज जात नाहीये. एकाच जागेवरून येतोय. मागच्या आवाराकडून.

छायाच्या मनात भूत आलंच नाही. तिला आधी आठवले ते नऊ वाजता येणारे साहेब. कोणीतरी सातशी बोलत होतं. गावातलं कोणी पिऊन आलं असेल, मस्करी करायला आलं असेल. आठ महिने. सातने आठ महिने माणसाचा एक शब्द ऐकला नव्हता. आणि आज. नेमकं आज.

धावत जाऊन ओरडावं, कोण आहे रे तिकडे? पण ओरडायचं कसं? मागच्या आवारात तीच तर पहिली चूक.

तिने बारदान अंगावर घेतलं. लाल कागद लावलेला टॉर्च घेतला. पत्र्याचा डबा आणि काठी काखेत. चपला काढून ठेवल्या, कैलास काढायचा तशा. आणि निघाली. मधली वाट साठ पावलांची आहे. तिने मोजली, कारण पायाखाली काय येतंय त्यापेक्षा आकड्यात मन राहिलेलं बरं.

चाळिसाव्या पावलाला शब्द लागले.

"ये वो माय..."

ती थांबली.

"...जेवून घे."

हळू आवाज. पुरुषाचा. घसा बसलेला, पुष्कळ दिवस न बोललेल्या माणसासारखा.

हा आवाज तिने चहाच्या टपरीवर ऐकला होता.

ओढणी दातात होतीच. तिने ती जिभेपर्यंत कोंबली. डोळ्यांतून पाणी आलं ते गुदमरल्याचं की कशाचं, तिलाही सांगता आलं नाही. पाय मागे वळत होते. पण मागे वळली आणि सात त्या हाकेला गेली तर? सकाळी सगळं संपलं. ती पुढे गेली. वीस पावलं. तट्ट्याच्या कुडात बघायची एक फट आहे. तिने फटीला डोळा लावला. लाल उजेड जमिनीवर सोडला.

सात आत होती. पार पलीकडच्या कोपऱ्यात. बसलेली. कान उभे. आयाळ उभी. नळाकडे बघत नव्हती. नळाच्या पलीकडे, जाळीच्या बाहेर बघत होती.

तिकडे, नळाच्या बाहेरच्या तोंडाशी, कैलासची बसायची जागा. दगड आहे एक. छायाला दगड दिसला. दगडावर कोणी नव्हतं.

"ये वो माय..."

आवाज दगडावरून आला.

मग वावरात काहीतरी चालू लागलं. पऱ्हाट्या एकामागून एक हलल्या. एक ओळ. सरळ जाळीकडे. तीन पावलं आणि थांबणं... तीन पावलं आणि थांबणं. जनावर दिसत नव्हतं. पऱ्हाट्या तेवढ्या बाजूला होत होत्या, आणि मागे परत उभ्या राहत होत्या.

ओळ दगडापाशी आली. थांबली.

खण्... स्टील दगडावर ठेवल्याचा आवाज.

आणि मग चाटण्याचा. खरखरीत जीभ स्टीलवर. एकसारखा. शांत. भुकेल्या पोराला वाढलं की ते वर न बघता जेवतं, तसा.

छायाने फटीवरचा डोळा काढला नाही.

आवाज थांबला.

"झालं?"

...

"चाल. तिलेही बोलावू."

आणि त्याच आवाजाने, थोडं वर, थोडं जाळीच्या दिशेने—

"ये वो माय... जेवून घे..."

सात उठली.

एक पाऊल टाकलं. नाक पुढे. दुसरं पाऊल.

छायाला दिसत होतं. तिसरं पाऊल पडलं तर ती नळापाशी. नळापाशी गेली तर तिला हाक कळली. हाक कळली तर उद्या नऊ वाजता पिंजरा, नाहीतर पुढे कधी कोणाच्या अंगणात काठ्या. बोलता येत नव्हतं. "कैलासभाऊ, नका" म्हणावं, तर तोही माणसाचाच आवाज. ओढणी तोंडात. हात मोकळे होते. हातात पत्र्याचा डबा.

त्यानेच शिकवलेलं. माणूस आला की बडवायचा.

तिने बडवला. त्या रिकाम्या दगडाकडे तोंड करून बडवला. काठी तुटेल असा. सात मागच्या मागे उडाली आणि बिळात गेली. पऱ्हाट्या एकदम हलल्या आणि थांबल्या. छाया बडवतच राहिली. तळहात फुटला. ज्याने आठ महिने मांडीशी बसवून शिकवलं, त्याच्यावर ती डबा बडवत होती, आणि तोंडात ओढणी असल्यामुळे तिला रडताही येत नव्हतं.

काठी मोडली.

शांत.

ती डबा छातीशी धरून बसली. बराच वेळ काही नाही. मग तिच्या छातीशी धरलेल्या डब्यावर, बाहेरच्या बाजूने...

टक्. टक्.

नत्थूजींनी एवढं बोलून पुढची जुडी हातात घेतली. खोपडीत सांबाराचा वास भरला होता. उज्वलाच्या हातातली जुडी अर्धवट बांधलेली होती, आणि तिचं लक्षच नव्हतं. स्वप्निलने मोबाईल पालथा ठेवला होता.

छाया उजाडेपर्यंत तिथेच बसली. सहाला चौकीदार आला, तिला तशी बघून तोच घाबरला. तिने त्याला काही सांगितलं नाही. तोंड धुतलं, हाताला पट्टी बांधली. नऊला साहेब आले, तीन गाड्या.

हाका सुरू झाल्या. एकाने शीळ घातली, एकाने यूयू केलं, एकाने मांसाचा तुकडा हलवला. सात बिळाच्या तोंडाशी बसून राहिली. साहेब खूश झाले, वहीत लिहायला लागले. तेव्हा सुलोचनाबाई म्हणाल्या, अजून एक हाक राहिली. आणि त्यांनी छायाकडे पाहिलं. बाईंना रात्रीचं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त पाच वर्षांपूर्वीचं माहीत होतं.

"तू मार. तीच हाक."

आठ महिन्यांत छाया मागच्या आवारात एक शब्द बोलली नव्हती. ती दगडाशेजारी उभी राहिली, दगडावर बसली नाही. ओढणीचं टोक सोडलं. आणि म्हणाली,

"ये वो माय, जेवून घे."

सातने मान वळवली. छायाकडे बघितलं, आयाळ फुलवली, आणि पाठ फिरवून बिळात निघून गेली. साहेबांनी वही मिटली. पास.

साहेब चहाला गेले आणि छाया नळ बंद करायला वाकली. नळाच्या बाहेरच्या तोंडाशी, मातीत, एक झाकण उताणं पडलं होतं. सगळ्या गवतावर दंव होतं. झाकणात दंव नव्हतं. चाटून पुसून लख्ख. स्टील जळून निळसर झालेलं, पाठीवर नाव कोरलेलं. कडेवर चावल्याचे खळगे.

नत्थूजी त्याच वेळेस कोबीचा पाला घेऊन पोचले होते. बाईंनी झाकण हातात घेतलं आणि तिथेच दगडावर बसल्या. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ते आगीत जाताना पाहिलं होतं. नत्थूजींनीही. आता कोणी म्हणेल, कैलासनेच राखेतून उचलून जपून ठेवलं असेल. म्हणो. मग चार वर्षं फडकं बांधून का जेवला? त्या रात्री ते कोणी ठेवलं? बाईंनी झाकण नत्थूजींच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, धाम नदीत सोडून द्या.

"मी गेलतो नदीवर," नत्थूजी म्हणाले. "हात वर केला. अन् नाव दिसलं. जेवणाचं भांडं, त्यावर माणसाचं नाव, कोणाची भूक भागून राह्यली त्याच्यावर हे मले कसं ठाऊक? नाई टाकवलं."

बाईंनी घरी ठेवलं नसतं, रानशाळेत तर ठेवायचंच नव्हतं. म्हणून ते वाडीत आलं. पालथं असलं की झाकण, उताणं झालं की ताट. एवढीच काळजी घ्यायची.

"अन् सात?" उज्वलाने विचारलं.

सातला पुढच्याच महिन्यात सोडलं. आठ-नऊ महिने होत आले. कोणत्या गावात दिसली नाही, कोणत्या अंगणात आली नाही. तिची काहीच खबर नाही, हीच चांगली खबर, असं छाया म्हणते. छाया आता मागच्या आवारात एकटी काम करते. अजून दचकते. रात्री मात्र कोणी दाराशी जेवायला हाक मारली की उठून घरात जाते.

मग स्वप्निलने विचारलं, तो काय खरंच बोलवत होता सातले? का परीक्षा पाहून राह्यला होता?

नत्थूजींनी एक जुडी बांधली. दुसरी घेतली.

"छायानंही हेच विचारलं होतं मले."

ती जुडी बांधून त्यांनी बारदानाखाली सरकवली.

तिघांनीही एकदमच माठाकडे पाहिलं. झाकण जमिनीवर तसंच होतं, उताणं, स्वप्निलचा उरलेला चिवडा त्यात. उठायला कोणी तयार नव्हतं. शेवटी उज्वला उठली. चिवडा पुडीत परत ओतला, झाकण ओढणीने पुसलं आणि दिव्याखाली धरलं. रोज हातात येणारं झाकण तिने पहिल्यांदा नीट पाहिलं. कडेवरून बोट फिरवलं. खाली दोन खळगे. वर एक.

चौथ्या जागी तिने पुन्हा बोट फिरवलं. तिथलं स्टील सपाट होतं, एक ओरखडासुद्धा नव्हता. त्या जागी सुळाच नव्हता.